पाखरं न आलेली हळद

पळसदरीच्या पुढे, रुळांकडे पाठ करून बसलेलं एक गाव आहे. तिथे जाऊन पदू घारेचं घर विचारलं की लोक उलट विचारतात, "कोण, पाखरांचा पदू काय?" पदूने कबुतरं पाळलीत म्हणून हे नाव पडलं असेल असं वाटतं, पण पदू काहीच पाळत नाही. पाखरंच त्याला पाळतात. वर्षातून दोनदा, आठ-आठ दिवस, दिवे लागले की भाताच्या खाचरांतून पिवळट रंगाची, नखाएवढी पाखरं उठतात आणि येऊन पदूच्या अंगावर बसतात. दंडावर, कानावर, मिशीवर. ओट्यावर दहा माणसं गप्पा मारत असली तरी बाकीच्या नऊ जणांना ती विचारत नाहीत. ही पाखरं सगळीच्या सगळी नर असतात, हेही पदूच सगळ्यांना सांगतो. त्यामुळे पुढची चेष्टा करायला गावाला फार कष्ट पडत नाहीत.

"पदू, तुज्यात काय बघितलं रं त्यांनी?"

"रूप," असं म्हणून पदू मिशीवरचं पाखरू दोन बोटांनी अलगद उचलतो आणि शेजारच्याच्या गुडघ्यावर ठेवतो. ते उडून परत मिशीवर येतं.

खरं कारण रूप नव्हे, नोकरी आहे. पदूची दोन एकर भातशेती आहे, आणि शिवाय तो खोपोलीच्या अलीकडे एका लहानशा केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. तिथे वर्षातून दोनदा एक खास माल बनतो. भाताच्या खोडकिड्याची मादी अंधारात पानावर बसून एक वास सोडते. माणसाच्या नाकाला तो कळतही नाही. नराला मात्र अर्ध्या शिवारावरून कळतो आणि तो हातातली सगळी कामं टाकून निघतो. हाच वास कंपनी भांड्यात तयार करते, आणि तो पदूच्या अंगाला लागून घरी येतो. रबराच्या बुटक्या बुचात त्याचा थेंब भरायचा, बूच सापळ्यात टांगायचं. नर मादीच्या भेटीला म्हणून येतो आणि सापळ्यात पडतो. पुढे अंडी फळत नाहीत, अळी होत नाही, खोड पोखरलं जात नाही आणि लोंबी भरते. सरकारी पत्रकात याला कामगंध सापळा म्हणतात. हे पत्रक ग्रामसभेत वाचायची वेळ आली तेव्हा सरपंचांनी ते ग्रामसेवकाकडे दिलं आणि ग्रामसेवकाने आधी पाणी मागितलं.

पदूने दहावीची परीक्षा तीनदा दिली. बोर्ड एकदाही समाधानी झालं नाही. पण रसायनातली एक गोष्ट त्याला अशी समजली आहे की पदवीवाल्यांनी पाट मांडून ऐकावी. चार वर्षांपूर्वी संजना मॅडम कंपनीत केमिस्ट म्हणून आल्या. वय सव्वीस, चष्मा मोठा, उत्साह त्याहून मोठा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्लास्टिकच्या गोळ्या आणि काड्यांची एक लांब माळ जोडून कामगारांसमोर धरली.

"हा आपला रेणू. मध्ये एका ठिकाणी जोड दुहेरी आहे, बघा. तिथले हायड्रोजनचे दोन गोळे एकाच बाजूला बसले तर माळ वाकते. एक इकडे, एक तिकडे बसला तर माळ सरळ राहते. पाखरू फक्त वाकड्याला येतं. सरळला ढुंकून बघत नाही."

बाकीचे कामगार चहाच्या किटलीकडे बघत होते. पदूने हात वर केला.

"मॅडम, वजन?"

"दोघांचं सारखंच."

"आन् माल?"

"तोच. एक गोळाही कमीजास्त नाही."

"मंग हा विळा झाला," पदू म्हणाला. "विळा ठोकून सरळ केला तर लोखंड तेवढंच राहतं, वजनपण तेवढंच. पर भात कापून दाखवा."

संजना मॅडमनी ती माळ पेटीत ठेवून दिली. नव्या माणसाला शिकवताना त्या आता विळाच सांगतात आणि पदूकाकांचं नाव घेतात. हे पदू तुम्हाला स्वतःहून सांगेल, निघताना पुन्हा एकदा सांगेल.

त्याआधी कंपनीत सुगंधाचा माल निघायचा. त्यातही असंच एक बिलंदर जोडपं होतं. दोघांत सगळं सारखं, फरक फक्त डाव्या-उजव्या चपलेएवढा. डावीला वास पुदिन्याचा, उजवीला शहाजिऱ्याचा. डावीच्या आठवड्यात पदू घरात शिरला की मुलं चटणीशी खायला पाव मागायची. उजवीच्या आठवड्यात शेजारी विचारायचे, बिर्याणी कुणाकडं हाय? पदूची बायको इंदूबाई हे सगळं सोसत आली आहे. "नवरा दर महिन्याला येगळा वास मारल, हे बघायला आले तवा कुणी बोललं नाय," एवढंच ती म्हणते, आणि टॉवेल बाहेरच्या दोरीवर टाकते.

यंदा एप्रिलअखेरीस त्यांच्या मुलीचं, सुरभीचं, ऋतिकशी लग्न निघालं आणि पाखरांच्या मालाची बॅच नेमकी त्याच आठवड्यात आली. इंदूबाईने तारखा बोटांवर पुन्हा पुन्हा मोजल्या. कालव्याच्या पाण्यावरचं उन्हाळी भात घराच्या मागेच उभं, त्यालाच लागून मांडव. हळदीच्या दिवशी पोरीच्या बापावर सगळं शिवार येऊन बसलं तर व्याही काय म्हणतील? तिने पदूसाठी शिकेकाई, डाळीचं पीठ, लिंबू आणि भांड्यांचा साबण अशी चौरंगी तयारी करून ठेवली.

पदूने बॅच घेतली. सगळे टप्पे स्वतः केले, फक्त एक सोडून. त्या दिवशी गावदेवीपुढे लग्नाचा नारळ ठेवायचा होता, म्हणून भांड्यात हायड्रोजन सोडायचा टप्पा त्याने गावातल्याच, कंपनीत त्याच्या हाताखाली असलेल्या कमळ्यावर सोपवला. बाकी सगळं नेहमीसारखं पार पडलं. पाच किलो माल तयार झाला. एका बुचाला मुंगीच्या डोक्याएवढा थेंब लागतो, म्हणजे पाच किलोत दहा लाख बुचं. माल डब्यांत भरून पदू मंगळवारी घरी आला आणि सवयीने ओट्यावर बसला.

पाखरू आलं नाही.

बुधवारी तो उघड्या अंगाने बसला. तरी आलं नाही. साडेआठला तो खाचराच्या बांधावर जाऊन हात पसरून उभा राहिला. एक बेडूक आला. इंदूबाईने देवापुढे साखर ठेवली. घरात आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पदूने मात्र ताटातली भाकरी तशीच ठेवली. मुलीच्या लग्नाने बाप हळवा झाला, असा सगळ्यांनी समज करून घेतला. दोन मावश्यांनी डोळ्यांना पदर लावला.

गुरुवारी, म्हणजे हळदीच्या दिवशी, सकाळीच पदूने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, बॅच सरळ झालीय."

"काका, रिपोर्ट माझ्या हातात आहे. शुद्धता साडेसत्त्याण्णव टक्के."

"रिपोर्टचं यंत्र वाकडं-सरळ वळखतं काय?"

मॅडमनी रिपोर्ट खाली ठेवला. कंपनीतल्या यंत्राला दोन्ही रेणू एकाच जागी दिसायचे. जुळ्या बहिणींची हाक फोनवर सारखीच ऐकू यावी, तसं. त्यांना वेगळं काढणारं यंत्र मुंबईत होतं आणि तिथला रिपोर्ट सोमवारी मिळाला असता. माल घेऊन जाणारा टेंपो शुक्रवारी सकाळी आठला निघणार होता.

"काका, साहेबांना काय सांगू? पदूकाकांच्या मिशीवर पाखरू बसलं नाही, म्हणून माल थांबवा?"

"नको. पाखरांनाच इचारू. माज्या फ्रिजमधी गेल्या वर्षीची चार बुचं हायत. तुमी हळदीला येतायच, येताना ताज्या मालाची चार बुचं घेऊन या."

मॅडम आल्या, बुचं घेऊन आल्या. रेशमी साडी नेसून आल्या होत्या, आणि ही गोष्ट पुढे त्यांना महाग पडली. फ्रिजमधल्या बर्फाच्या खणातून, आईस्क्रीमच्या जुन्या डब्यातून, पदूने आपला ठेवा काढला. एकूण बारा सापळे लागले. चारांत गेल्या वर्षीची बुचं, चारांत ताजी, आणि चार मॅडमनी मुद्दाम रिकामे ठेवायला लावले. नुसतीच चुकून शिरणारी पाखरं किती, तेही कळायला हवं, असं त्या म्हणाल्या. पदूला ही अक्कल फार आवडली. त्याच्या अंगाचा भरवसा नको म्हणून सापळ्यांना हात लावायची त्याला बंदी झाली. तो बांधावर उभा राहून हुकूम सोडत राहिला.

सापळे लागले, अंधार पडला, आणि मांडवात चारशे दिवे एकदम पेटले.

खालापूरपासून कर्जतपर्यंत हळद म्हणजे काय असते, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. लग्न दुसऱ्या दिवशी असतं ते केवळ हळदीनंतर माणसं घरी जावीत म्हणून. डीजेवाला गजा आपल्या दोन टेंपोभर स्पीकरच्या डब्यांसह आला होता. डब्यांवर चार झोत बसवलेले. ते आभाळात असे फिरत होते की माथेरानवरच्या पाहुण्यांनीही डोळे चोळले असतील. पाखरू वासाला येतं, तसं उजेडालाही येतं. पाच मिनिटांत आसपासच्या शिवारातली झाडून सगळी पाखरं गजाच्या झोतांत नाचायला लागली. सापळ्यांकडे कुणीच नाही. जुने, नवे, रिकामे, सगळे सारखेच ओस.

पदू गर्दीतून वाट काढत गजापाशी गेला. "गजा, बंद कर."

गजाने आवाज खाली केला. "काय काका?"

"समदं. लायटी, डबे, झोत. सकाळपर्यंत अंधार पायजे."

मांडवात एकदम गिल्ला झाला. "हळदीला डीजे बंद? माणूस गेल्यावर करतात बंद!" "पदूला चढली काय रं?" "चढंल कशी, अजून घेतलीच नाय त्याने!" इंदूबाई हातातलं हळदीचं ताट घेऊन तशीच धावत आली.

"आवं, ही पोरीची हळद हाय का पाखरांची?"

पदूचा आवाज एरवी मोठा नसतो. त्या दिवशी झाला. "अगं, उद्या आठला टेंपो जाईल. त्याची दहा लाख बुचं होऊन गावोगाव जातील. शेतकरी सापळा बघंल, तर रिकामा. तो काय म्हणंल? पाखरूच नाय, कीड नाय, यंदा बरं हाय. आनंदात झोपंल तो! आन् कापणीला बघंल तर सगळी लोंबी पांढरी, पोकळ. भरलेला सापळा बघून माणूस सावध तरी होतो गं. रिकामा सापळा म्हंजे गोड बोलून गळा कापणं. माज्या हातचा माल हाय तो."

पाटावर बसलेली सुरभी उठली. कपाळापासून घोट्यापर्यंत पिवळी झाली होती, फक्त डोळे तेवढे काळे. कर्जतला औषधांच्या दुकानात काम करते ती. गोळीचं नाव एका अक्षरानेही चुकू नये, हे तिला रोज सांभाळावं लागतं.

"गजादादा, बंद कर," ती म्हणाली. "माजी हळद हाय, मी सांगते."

गजाने कळ दाबली आणि चारशे दिवे गेले.

पहिली दोन मिनिटं गाव नुसतं आंधळ्या कोशिंबिरीसारखं एकमेकांवर आपटत होतं. कुणाचा तरी हात रश्श्यात गेला. मग डोळे सरावले, चुलीतल्या निखाऱ्यांचा तेवढा लालसर उजेड उरला, आणि कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. ती सोनुबाई, गावची धवलारीण. लग्नात धवले गाणं हे तिच्या घराण्याचं काम. पूर्वी तिच्या गाण्याशिवाय कुणाला हळद चढत नसे. हल्ली तिला मान म्हणून बोलवायचे, पाटावर बसवायचे आणि डबे चालू करायचे.

"धा वरसं या डब्यांच्या खाली गाडलंय मला," अंधारात सोनुबाई म्हणाली. "आता कोण अडवतो बघते."

आणि तिने आवाज लावला. ऐंशीच्या घरातली बाई. आवाज चिरका, पण असा ताठ की थेट आढ्याला लागावा. एकेक देव बोलावला, नदी बोलावली, डोंगर बोलावला, घारेंच्या सात पिढ्या नावानिशी बोलावल्या. त्यातल्या दोन पिढ्या आपसात बोलत नव्हत्या, त्याही आल्या. बायका मागून ओळी उचलू लागल्या. ज्या पोरांनी डीजेसाठी गळा काढला होता ती पोरंच टोपाच्या झाकणावर ठेका धरून बसली. गजा स्वतः एक घमेलं घेऊन त्यांच्यात जाऊन बसला. पूर्वी हळद अशीच होत असणार. आता तिला अंधार लागला, आणि अंधारासाठी एक सरळ झालेला विळा.

इकडे बांधावर शास्त्र चाललं होतं. जागेचा पक्षपात नको म्हणून मध्यरात्री सगळे सापळे आपसात बदलायचे, असा मॅडमचा आग्रह. टॉर्च लावायची सोय नव्हती. फोनवर हळदीचा रुमाल गुंडाळून तेवढ्याच पिवळ्या उजेडात मॅडम रेशमी साडी गुडघ्यापर्यंत खोचून खाचरातून फिरल्या. एक चप्पल चिखलाने घेतली. ती काढायला गेल्या तर दुसरीही घेतली. "डावी-उजवी दोनी गेल्या, मॅडम. आता तक्रार नाय," पदू बांधावरून म्हणाला.

तांबडं फुटलं तेव्हा अर्धं गाव बांधावर उभं होतं. रात्री पैजाही लागल्या होत्या, कोंबड्यांच्या. मॅडमनी एकेक सापळा उघडून स्वतः मोजलं आणि फोनमध्ये लिहिलं. रिकामे सापळे: चारांत मिळून तीन पाखरं. ताज्या बॅचचे: चारांत मिळून दोन. गेल्या वर्षीचे: मोजता मोजता मॅडमचा आवाज चढत गेला, आणि गावाने शेवटचे आकडे कोरसमध्ये म्हटले. एकशे सत्तेचाळीस.

"म्हंजे आपल्या मालापेक्षा काहीच नसल्यालं बरं," पदू म्हणाला. एवढा मोठा पुरावा जिंकूनही त्याचा चेहरा पडला होता.

तेवढ्यात चहाची किटली घेऊन कमळ्या आला. पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नात पंगत वाढायला कमळ्या असतो. त्याच्या धर्मात 'नको' या शब्दाला जागा नाही. पाहुणा नको म्हणाला की दोन पळ्या, ताटावर हात आडवा धरला की बोटांवरून तीन. आकडे ऐकून त्याने किटली खाली ठेवली.

"पदूदादा, त्या दिशी तुमी बोलला व्हता, भांड्यावरच्या गॅसच्या मीटरचा काटा थांबला की गॅस बंद कर. काटा थांबला व्हता."

"मंग?"

"मंग मला वाटलं, लाजतंय. पोट भरल्यावर माणूस पयल्यांदा नकोच बोलतो. आन् तुमच्या घरचं कार्य. त्या दिवशी भांड्याला हात आखडता घेऊ काय मी? अजून थोडा सोडला. मंग परत काटा हलला की! मला वाटलं, बघ, भूक व्हती."

मॅडमनी कपाळावर हात मारला, पण त्यांना हसू आवरेना. सगळं जागच्या जागी बसलं होतं. हायड्रोजन बेताने दिला तर दोन गोळे एका बाजूला बसतात, माळ वाकते आणि तिथेच थांबायचं असतं. आग्रह करकरून जास्त वाढला की बहुतेक माळा उलटून सरळ होतात आणि थोड्यांचा तो दुहेरी जोडच उरत नाही. कमळ्याने रेणूला पंगतीला बसवून तट्ट फुगवलं होतं.

"कमळ्या," पदू म्हणाला, "रेणूच्या ताटावर आडवा हात दिसत नाय रं. म्हणून तर काटा बसवलाय." आणि त्याच्या हातची चहाची कपबशी घेतली.

साडेसहाला मॅडमनी साहेबांना फोन लावला. साहेब झोपेत होते. रिपोर्ट साडेसत्त्याण्णव असताना माल का थांबवायचा, हे त्यांनी तीनदा विचारलं. मॅडमनी तीनदा आकडे वाचले. दोन, तीन, एकशे सत्तेचाळीस. तिसऱ्या वेळी त्या आकड्यांच्या पुढे म्हणाल्या, "सर, या मालावर सही माझी आहे. मी ती मागे घेतेय." फोन कानाला लावून त्या उभ्या राहिल्या. पायात चप्पल नाही, साडीला चिखल, केसांत हळद. मग त्यांनी पदूकडे बघून मान हलवली. टेंपोत चढवलेले डबे साहेबांनी उतरवायला सांगितले होते.

पदू जो बांधावर बसला तो फतकल मारूनच बसला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने काही खायला मागितलं. इंदूबाईने चहात बुडवायचे दोन बटर आणून हातावर ठेवले आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याच्या खांद्यावरचा चिखल पदराने पुसला.

सुरभी हळदीचे हात घेऊन तशीच शेतात आली होती. एका सापळ्यात वाकून बघत ती म्हणाली, "बाबा, हे समदे नर?"

"समदे."

"आन् मादी एकपण नाय आली?"

"ती कशाला येईल? ती आपल्या पानावर बसून बोलावती. यायचं काम त्याचं."

"मग उठा आता," सुरभी म्हणाली. "ऋतिकची वरात साडेअकराला आपल्या दारात येणार हाय, आन् तुमी अजून तोंडपण धुतलं नाय."